ठिपकीची उडी

३ फेब्रुवारी, मंगळवार

सातवी उडी. पुन्हा सातव्याच उडीला माणूस उठला!

आमच्या कामाच्या खोलीखालच्या सायकल दुरुस्तीवाल्या काकांना आज हातापाया पडून वर आणलं. त्यांनी हात धुतले, पुसले, पुन्हा पुसले, मग कंट्रोलर असा धरला की जणू कुणाचं तान्हं बाळच. पहिल्या कड्यावर सहा वेळा पडले. सातव्यांदा पडले तेव्हा हसले. ते हसू मी आता लांबूनही ओळखते. "चित्रं मात्र झकास आहेत हं," म्हणाले, आणि गेले. दोन मिनिटं चाळीस सेकंद.

चित्रं झकास आहेत हे ऐकून शाई खूश. तिची बोटं कॉलेजपासून निळी, म्हणून ती शाई. मी मान हलवली. पण पाच वर्षं दोघींनी मिळून कॉम्प्युटरवरचा एक खेळ बनवायचा आणि लोकांनी भिंतीवरच्या कॅलेंडरसारखं त्याचं कौतुक करून निघून जायचं! गोष्ट तरी किती साधी. ठिपकी नावाचं एक करडू. वर सुळक्यावर त्याची आई. मधे डोंगर. उड्या मारत पोचायचं. बस.

कडे बुटके केले. वाटा रुंद केल्या. आता आणखी सोपं केलं तर डोंगराचं मैदान होईल.

१४ मार्चला नव्या खेळांचं प्रदर्शन. गेल्या वर्षी तिथे चाळीस माणसं आमच्या टेबलाशी बसली आणि चाळीसच्या चाळीस तीन मिनिटांत उठली. शाईला शाळेची पुस्तकं छापणाऱ्यांकडून कायमची नोकरी चालून आलीय. मार्चअखेर उत्तर द्यायचंय. ती त्याबद्दल बोलत नाही. मीही नाही.

४ फेब्रुवारी

आत्या आली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि ऑपरेशनआधी साखर खाली आणायची म्हणून महिनाभर माझ्याकडे. दारातच मला चाचपून म्हणाली, "वाळलीस गं." मी म्हटलं, "आत्या, ती खुंटी आहे. मी इकडे."

दोघी इतक्या हसलो की शेजारीण डोकावली.

५ फेब्रुवारी

आत्याने सकाळी माझं कपाट लावलं. आता काहीही सापडत नाही. तिलाही दिसत नाही, मलाही नाही. समसमान.

८ फेब्रुवारी, रविवार

लिहायलाच हवं.

दुपारी घरी खेळ चालवून बघत होते. आत्या शेजारी येऊन बसली. "काय गं हे तुझं टकटक?" मी सांगितलं. तिने हात पुढे केला. "दे तो रिमोट."

मी म्हटलं, दिसतंय का तुला? तर म्हणे, "एक पांढरं हलतंय. पुरे."

आत्या एकतीस वर्षं तयार कपड्यांच्या कारखान्यात मोटरच्या मशीनवर बसली. कॉलर लावायची. दिवसाला किती कॉलर, ते विचारायची सोय नाही, ती सांगत बसते. तिने बटण दाबलं. पडली. दाबलं. पडली. चारदा झाल्यावर कंट्रोलर मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "हिला ऐकू कमी येतं का?"

"कुणाला?"

"तुझ्या ठिपकीला. मी सांगते उडी मार. ती आधी विचार करते. मग मारते. तोवर पाय काठाच्या बाहेर." मग तिने जमिनीवर पाय आपटून दाखवला. "आमच्या मशीनला पाय दाबला की सुई खाली. उचलला की थांब. मधे विचार नाही! जी मशीन विचार करायची ती आम्ही मेकॅनिककडे पाठवायचो. बोटं प्यारी होती ना."

पाच वर्षं! पाच वर्षांत इतक्या जणांना खेळायला बसवलं. सगळे म्हणाले, कठीण आहे. कुणी म्हणालं नाही, तुमचं करडू बहिरं आहे.

९ फेब्रुवारी

मोजलं. अंगठा आणि स्क्रीन दोन्ही दिसतील असा मोबाइल टेकवला आणि हळू गतीचा व्हिडिओ काढला. आमचा खेळ सेकंदाला साठ चित्रं दाखवतो. बटण दाबल्यापासून ठिपकीचे खूर सुटेपर्यंत बारा जातात. सेकंदाचा पाचवा भाग! कागदावर चिमूटभर. बोटाला डोंगराएवढा.

त्या बारांत काय आहे ते मला माहीत आहे. शाईची सहा चित्रं, प्रत्येक दोनदा दाखवलेलं. उडीआधी ठिपकी गुडघे वाकवते, मान खाली घेते, कान मागे पाडते, आणि मग सुटते. आमच्या अख्ख्या खेळातली सगळ्यात देखणी गोष्ट. पोस्टरवरही तीच.

१० फेब्रुवारी

काढली. सहाच्या सहा.

शाई आज दाताच्या डॉक्टरकडे होती. मी म्हटलं नुसतं बघू. बटण दाबलं — आणि ठिपकी उडाली! त्याच क्षणी. माझ्याच बोटातून सुटल्यासारखी. मी एकटीच खोलीत ओरडले. पहिला कडा, दुसरा, तिसरा. खालून काकांनी विचारलं, "काय झालं हो?" मी म्हटलं, "ऐकू आलं तिला!"

त्यांनी पुढे काही विचारलं नाही. भला माणूस.

शाईला उद्या नीट समजावून सांगेन.

११ फेब्रुवारी

सांगायच्या आधीच तिने उघडून बघितलं.

मी जिन्यातून वर आले तर ती स्क्रीनसमोर उभी. बसलेली नाही, उभी. उडी मारत होती. पुन्हा. पुन्हा. मी म्हटलं, "अगं, बघ ना किती हलकी झालीय—"

"गुडघे कुठे गेले?"

मी बारा चित्रांचं सांगितलं, पाचवा भाग सांगितला, व्हिडिओ दाखवला. तिने सगळं शांतपणे ऐकलं. हेच वाईट. शाई भांडते तेव्हा ठीक असतं. मग म्हणाली, "तीन आठवडे लागले होते मला त्या गुडघ्यांना. गावाबाहेर जाऊन शेळ्यांसमोर बसत होते मी."

"पण खेळ—"

"खेळ चांगला झालाय. दिसतंय मला. विचारलं असतंस तर मीच काढली असती. विचारलं नाहीस."

पिशवी उचलली आणि गेली. ब्रश टेबलावर तसाच, ओला.

१२ फेब्रुवारी

आली नाही.

१३ फेब्रुवारी

नाही. तिचा ब्रश धुऊन ठेवला. तिला माझं ब्रश धुणं आवडत नाही, केस मोडतात म्हणे. तरी धुतला.

१५ फेब्रुवारी, रविवार

आत्याला भांडणाचं सांगितलं. वाटलं बाजू घेईल. पण ती म्हणाली, "दुसऱ्याने घातलेले टाके उसवायचे तर आधी त्याला हाक मारतात, बये." आणि पुन्हा उसवायला लागली. माझीच पँट. कंबर सैल करायची होती. (वाळलीस म्हणे!) सगळं बोटांनी. शिवणीवर नख फिरवायचं, टाका सापडला की पातं.

मी विषय बदलला. म्हटलं, ठिपकी आता ऐकते, तरी लोक काठावर पडतात. मला दिसतं ना, ती मंडळी केसभर उशिरा दाबतात. पाय काठावरून सुटलेला असतो, मग बटण दाबतात. नियमाप्रमाणे पडायलाच हवं. हवेत उभं राहून कोण उडी मारतं?

आत्या म्हणाली, "माया ठेवली नाहीस का?"

"कसली माया?"

"अगं, ही." पँटची शिवण माझ्या हातात दिली. आतल्या बाजूला शिवणीपलीकडे बोटभर जास्तीचं कापड. "मापाबरहुकूम कापलं तर कपडा पहिल्या श्वासाला फाटेल. माणूस काय पुठ्ठ्याचा असतो? जेवतो, बसतो, वाकतो. म्हणून शिवणीत माया ठेवायची. बाहेरून दिसता कामा नये. पण असली पाहिजे."

मी ती शिवण धरून बसले कितीतरी वेळ. माझी पँट मात्र तिने मागून घेतली.

१७ फेब्रुवारी

माया घातली. कोडमध्ये खरंच तसं लिहिलं. 'माया = १०.' काठ सुटल्यावरही दहा चित्रांपर्यंत उडी चालेल. दुसरीही एक घातली. ठिपकी खाली टेकायच्या जरा आधीच माणूस घाईने बटण दाबतो, ते दाबणं आजवर वाया जायचं. आता ठिपकी ते लक्षात ठेवते आणि टेकल्या टेकल्या उडते.

शाईला हे दाखवायला हवं होतं. मान तिच्या टेबलाकडे वळते आपोआप.

१८ फेब्रुवारी

आत्या पडेचना! तीन कडे पार. मी टाळ्या वाजवायला गेले तर तिचं तोंड वाकडं.

"काय झालं?"

"झोळ आला."

"अगं पण पडली नाहीस ना!"

"तेच तर. आता मी काहीही केलं तरी चालतंय. ढगळ झालं. घालणाऱ्याला कळतं, कपडा दुसऱ्याच्या मापाचा आहे ते. थोडं आत घे."

दहाचे आठ केले. "अजून." सात. "अजून?" सहा. पडली आणि खवळली. "एवढं आत नाही गं!" सात. त्यावर ती पुढे सरसावून बसली, ओठ मुडपले, खांदा उडीबरोबर उचलायला लागली. चौथ्या कड्यावर पडली तेव्हा मला नाही, स्वतःला म्हणाली, "माझंच चुकलं."

हेच हवं होतं! पडणाऱ्याने म्हणायला हवं, माझंच चुकलं. आणि लगेच पुन्हा दाबायला हवं. तिने दाबलं.

सात.

१९ फेब्रुवारी

शाईला निरोप लिहिला. खोडला. लिहिला. फार शहाणा वाटला. खोडला. 'ब्रश धुतलाय' एवढंच लिहिलं. तेही खोडलं.

दिवसभर खोलीवर एकटी. प्रदर्शनवाल्यांचा फोन, टेबलावर किती नावं लिहायची? मी म्हटलं, दोन.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

शाई आली!!

नेहमीच्या वेळेला, नेहमीसारखी, जिन्यात ठेचकाळून. कागदांची चळत टेबलावर टाकली. ठिपकी, उतरताना. खूर टेकतात, गुडघे वाकतात, मान खाली जाते, कान मागून पुढे येतात. तेच गुडघे, पण उडीनंतर.

"उडायची घाई असते गं," म्हणाली, "उतरल्यावर कसली घाई? तिथे बघतील लोक." आणि मग ब्रशकडे बघून, "हा कुणी धुतला?"

"मी."

"केस मोडलेत."

"माफ कर," मी म्हटलं. ब्रशबद्दल नाही, हे तिला कळलं. "विचारायला हवं होतं."

"हो. हवं होतं."

दुपारपर्यंत चित्रं बसवली. मधे बटण दाबलं तर उतरणं तिथेच सोडून ठिपकी उडते, नाही दाबलं तर सावकाश गुडघे मोडते, सावरते, इकडेतिकडे बघते. पूर्वीपेक्षा देखणी! शाई म्हणाली, "आता जिवंत आहे. आधी नुसती सुंदर होती."

बरं झालं, मी तिच्या मागे लागले नाही. नऊ वर्षं ओळखते मी तिला. शाईला एकटं सोडलं की ती आपणहून येते. हट्टीपणाला थोडा धीर हवा, बस.

२२ फेब्रुवारी

खोलीत आता तीन खुर्च्या. तिसरी आत्याची. काकांनी स्वतः वर आणून दिली, सायकलच्या सीटची गादी लावून.

२६ फेब्रुवारी

आत्याच्या उजव्या अंगठ्यातून एकदा सुई आरपार गेली होती. कारखान्यातली गोष्ट. तो अंगठा वाकत नाही. मला इतकी वर्षं माहीत होतं आणि इतके दिवस ती वाकड्या मनगटाने उडीचं बटण दाबत होती, ते मी बघत होते. डोक्यात प्रकाश पडायला शाई लागली. "आत्या, तुम्हाला हे बटण डावीकडे हवंय का?"

"चालतं का तसं?"

"नाही चालत," मी म्हटलं, "पण चालायला हवं."

दोन दिवस गेले. आता ज्याला जे बटण जिथे हवं तिथे. आत्याने उडी डाव्या हातात घेतली आणि आमच्या दोघींचा विक्रम मोडला. शाई म्हणाली, "तुम्ही आमच्या मेकॅनिक!" आत्या लाजली. खरंच लाजली! मी तिला लाजताना आजवर पाहिलं नव्हतं.

४ मार्च

साखर उतरली. मंगळवारी ऑपरेशन. आधी उजवा डोळा.

१० मार्च, मंगळवार

वीस मिनिटांचं काम, म्हणाले होते. पन्नास झाली. मी आणि शाई बाकावर. मी नखं खात होते, शाई माझा हात खाली ओढत होती. बाबा गेले तेव्हा मी अकरावीत. फी भरायला, कॉलेजात सह्या करायला, माझ्या तापाला, सगळ्याला आत्याच आली होती, सुट्टी टाकून, तिकडून इकडे. आज मला नुसतं बाकावर बसायचं होतं, तेही जमत नव्हतं. तिने कसं केलं असेल?

बाहेर आली ती पट्टी लावून, डॉक्टरांशी बोलत. "तुमचा हात चांगला आहे हो. टाका कळला नाही." डॉक्टर म्हणाले, टाका घालतच नाहीत हल्ली. "मग काय केलंत एवढा वेळ?"

११ मार्च

पट्टी निघाली. घरी येताना आत्या रस्ताभर पाट्या वाचत होती. मोठ्याने. सगळ्या. 'गाडी लावू नये.' 'खोली भाड्याने देणे आहे.' लोक वळून बघत होते.

मग खोलीवर. खुर्चीत बसली आणि स्क्रीनकडे बघून गप्प झाली. इतकी गप्प की शाई घाबरली.

"आत्या, दुखतंय का?"

आत्याने बोट उचललं. सुळक्याच्या टोकाकडे. "ते काय आहे?"

"ठिपकीची आई. तिथेच तर जायचंय."

"आई आहे होय ती?" ती जवळ गेली, एक डोळा मिटून. "अगं, मी एवढे दिवस दगड समजत होते!"

"मग दगडाकडे कशाला जात होतीस?"

"तू म्हणालीस, जा."

शाई हसता हसता रडायला लागली की रडता रडता हसायला, कळलं नाही. आत्याने तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला, उजेडाकडे वळवला आणि निरखून बघितला. "अशी दिसतेस होय तू," म्हणाली. "ही शेळी तू काढलीस? हिच्या डोळ्यांत किती काळजी आहे गं."

त्यानंतर खेळायला बसली आणि पहिल्याच कड्यावरून पडली. म्हणे, डोंगर बघत राहिले.

१४ मार्च, शनिवार

प्रदर्शन.

पहिली एक मुलगी बसली, पाठीला पिशवी, जायच्या घाईत. पडली. मी श्वास धरला. तिने पिशवी खाली ठेवली.

पिशवी खाली ठेवली! बाकी काही आठवलं नाही तरी हे आठवेल.

एक गृहस्थ बसल्या जागी उड्या मारायला लागले, खुर्चीसकट. एका आजोबांना उठवताना आम्हालाच कसंतरी झालं, पण मागे अकरा जण उभे होते. ते म्हणाले, "एक मिनिट थांबा, माझंच चुकलं." शाईने माझा दंड इतक्या जोरात दाबला की वळ उठलाय. शाईची निळी बोटं त्यावर उमटलीत. सगळेच काही थांबले नाहीत. एक बाई तिसऱ्या उडीला उठून म्हणाल्या, आम्हाला शेळ्यांची ॲलर्जी आहे. असो!

एकाने तर नुसता कडा उतरायचाच सपाटा लावला. पुन्हा पुन्हा, एकाच जागी. मी विचारलं, अडलंय का? "नाही हो. ती गुडघे कशी वाकवते ते बघतोय." शाई एकदम पाठमोरी झाली आणि वायरी नीट करायला लागली. वायरी नीटच होत्या.

आवरताना ती म्हणाली, "त्या पुस्तकवाल्यांना काल कळवलं. नाही म्हणून."

"काल? प्रदर्शनाआधी?"

"मग काय, आज लोक उठले असते तर जाणार होते का मी?"

१६ मार्च

आत्या निघाली. डावा डोळा दोन महिन्यांनी. मी म्हटलं, राहा ना इथेच, कायमची. तिने बॅगेची चेन लावली. "माझी खोली आहे, माझी मशीन आहे, मैत्रिणी आहेत. तू ये. तुला सैल कपडे शिवून देते."

गाडीत बसल्यावर खिडकीतून म्हणाली, "वाळलीस नाही गं. चांगली जाड आहेस. आता दिसलं."

१९ मार्च

आज शाईने सहज विचारलं, "आत्या नीट पोचल्या ना? त्या दिवशी माझ्याकडे आल्या तेव्हा केवढी भीती वाटली होती मला."

कुठल्या दिवशी?

१९ फेब्रुवारी. मी खोलीवर निरोप खोडत बसले होते तेव्हा. दोन बसगाड्या बदलून, पाट्या दुसऱ्यांकडून वाचून घेत, थांबे बोटांवर मोजत. दोन चुकीची दारं वाजवली. तिसऱ्या मजल्यावर शाईचं. दारातच म्हणाली, "तिने पाठवलंय मला. माफी मागायला. स्वतः यायची लाज वाटतेय तिला."

"म्हणून तर आले मी," शाई म्हणाली. "तुला माहीत नाही?"

फोन केला. "आत्या, मी कुठे पाठवलं होतं तुला?"

मागे मशीन चालू होती. थांबली.

"पाठवणारच होतीस की गं. मी जरा आधी निघाले."